भावनिक बुद्धिमत्ता आणि व्यावसायिक यश

स्वतःच्या आणि समोरच्याच्या भावना नेमक्या ओळखणे, त्यांमागची कारणे समजणे आणि त्यानुसार आपला विचार व वागणे सावरणे, या क्षमतेला भावनिक बुद्धिमत्ता म्हणतात. मनमिळाऊपणाशी तिची नेहमी गल्लत होते. प्रत्यक्षात माणसे अचूक ओळखणारा माणूस तुसडा असू शकतो, आणि कावेबाजही.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये ‘सामाजिक बुद्धिमत्ते’विषयी लिहिले होते. आजच्या संकल्पनेची शास्त्रीय मांडणी मात्र पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांच्या १९९० मधील लेखातली. ती घरोघरी पोहोचली डॅनियल गोलमन यांच्या १९९५ मधील पुस्तकामुळे, आणि तिथेच घोळ झाला. आयुष्यातील यशात बुद्ध्यंकाचा वाटा फार तर २० टक्के, असे गोलमन यांनी लिहिले. उरलेल्या ८० टक्क्यांत त्यांनी सामाजिक स्तरापासून नशिबापर्यंत बरेच काही धरले होते. वाचकांनी, आणि त्याहून उत्साहाने प्रशिक्षण देणाऱ्यांनी, ते सगळे ८० टक्के भावनिक बुद्धिमत्तेच्या खात्यावर जमा केले. हा आकडा आजही व्याख्यानांतून फिरतो. त्याला संशोधनाचा आधार नाही.

मग कामावर तिचा उपयोग किती? ते कामावर अवलंबून आहे. औषधाला दहा मिनिटे उशीर झाला म्हणून रुग्णाचा मुलगा परिचारिकेवर ओरडतो. हा राग औषधाचा नाही, उद्याच्या शस्त्रक्रियेच्या धास्तीचा आहे, हे तिने हेरले तर ती नियम ऐकवत बसत नाही. डॉक्टर आत्ताच तपासून गेले, ताप उतरतोय, हे आधी सांगते. कामाचा भाग म्हणून स्वतःच्या भावना आवरून समोरच्याला सांभाळण्याच्या अशा कामाला समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये ‘भावनिक श्रम’ हे नाव रूढ केले. विक्री, शुश्रूषा, ग्राहकसेवा यांत ते रोजचे. डाना जोसेफ आणि डॅनियल न्यूमन यांनी २०१० मध्ये अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा भावनिक श्रम जास्त असलेल्या कामांतच या क्षमतेचा फायदा दिसला. ते कमी असलेल्या कामांत संबंध उलटाही आढळला. स्टेफान कोते आणि ख्रिस्तोफर माइनर्स यांचा २००६ मधील निष्कर्षही बोलका आहे: बौद्धिक क्षमता जितकी कमी, तितका भावनिक बुद्धिमत्तेचा कामगिरीशी संबंध घट्ट. म्हणजे एकीची उणीव दुसरी काही अंशी भरून काढते.

या फायद्याला किंमतही आहे. आत चीड असताना चेहऱ्यावर हसू ठेवण्याचा थकव्याशी संबंध अभ्यासांत वारंवार दिसतो. प्रसंगाकडेच वेगळ्या नजरेने पाहणे त्या मानाने कमी दमवते.

खरी अडचण मोजमापाची. काही चाचण्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून भावना ओळखायला सांगतात, पण बरोबर उत्तर ठरते ते बहुसंख्यांच्या किंवा तज्ज्ञांच्या मतावरून. काही चाचण्या सरळ विचारतात, ‘तुम्हाला दुसऱ्याचे मन कळते का?’ ज्याला कळत नाही, त्याला बहुधा हेही कळत नसते. एडविन लॉक यांनी तर २००५ मध्ये ही बुद्धिमत्ताच नव्हे, असा आक्षेप घेतला. नोकरभरतीत स्वतःविषयीच्या अशा प्रश्नावल्या वापरल्या की आणखी एक पेच उभा राहतो: कोणते उत्तर हवे आहे, हे उमेदवाराला प्रश्न वाचतानाच समजते.