धावती फिल्म थांबवायची कशी? फ्रीझ फ्रेममागची गोष्ट

नवरदेव मांडवात शिरतो. पडदा लख्खकन पांढरा होतो, 'खटॅक' असा आवाज येतो आणि चालता माणूस पांढऱ्या किनारीचा फोटो होऊन जरा तिरका थबकतो. मागची वरात धूसर. दोन सेकंदांनी फोटोचा पुन्हा माणूस होतो आणि पुढे चालू लागतो. लग्नाच्या हायलाइट्समध्ये हे 'फ्रीझ फ्रेम', म्हणजे चालतं चित्र मधेच थिजवणं, आता हळदीकुंकवाइतकं ठरलेलं आहे, आणि मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्येसुद्धा त्यासाठी एक बटण असतं. हे बटण फुकटात हाती येण्याआधी जवळपास शंभर वर्षं मात्र चित्र चालवण्यापेक्षा चित्र थांबवणं जास्त कटकटीचं होतं.

गंमत म्हणजे सिनेमाचा जन्मच थांबलेल्या चित्रातून झाला. 28 डिसेंबर 1895 रोजी पॅरिसच्या ग्राँ कॅफेत ल्युमिएर बंधूंचा चालत्या चित्रांचा खेळ झाला, तेव्हा जॉर्ज मेलिएस हा जादूगार प्रेक्षकांत होता. त्याने पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार पडद्यावर आधी एक स्थिर चित्र आलं, लिओं शहरातल्या चौकाचं. हे तर आपण दहा वर्षं करतोय, एवढ्यासाठी बोलावलं का, असं तो शेजाऱ्याजवळ कुरकुरतोय तोच चित्रातला घोडा गाडी ओढत प्रेक्षकांकडे चालू लागला! पुढच्याच वर्षी, 7 जुलै 1896 ला, ल्युमिएरांचा खेळ मुंबईत वॉटसन हॉटेलात झाला.

पण चालू झालेली फिल्म मधेच थांबवणं म्हणजे आगीशी खेळ. त्या काळची नायट्रेट फिल्म भलतीच ज्वालाग्राही. दिव्यासमोरून ती सरकत राहिली तर ठीक, एका जागी अडकली की पेटलीच. म्हणून पुढे प्रोजेक्टरमध्ये अशी झडप आली की फिल्मचा वेग मंदावताच ती आपोआप पडून प्रकाश अडवायची. नंतर न पेटणारी फिल्म आली, तरी ती वितळायची. जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहिलेल्यांना हे दृश्य ठाऊक असेल: रीळ अडकतं, नायिकेच्या गालावर तपकिरी डाग उमटतो, बुडबुड्यासारखा पसरतो, पडदा पांढरा आणि तंबूभर शिट्ट्या. खरीखुरी थांबलेली फ्रेम ती हीच, आणि तिचं आयुष्य सेकंदभराचं.

त्यामुळे पडद्यावर चित्र थांबलेलं दाखवायचं तर फिल्म चालतीच ठेवून एकच चित्र तिच्यावर पुन्हा पुन्हा छापायचं, हाच मार्ग उरला. यासाठीचं यंत्र म्हणजे ऑप्टिकल प्रिंटर. एका बाजूला प्रोजेक्टर, दुसऱ्या बाजूला कॅमेरा, दोघं समोरासमोर. प्रोजेक्टरमधली फ्रेम, म्हणजे फिल्मवरचं एक चित्र, जागच्या जागी धरून ठेवायची आणि कॅमेऱ्याने तिचेच फोटो काढत राहायचे. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे दोन सेकंदांच्या थांब्याला 48 वेळा तेच चित्र. 35 मिलिमीटरच्या फिल्मवर बरोब्बर तीन फूट. हॉलिवूडच्या आरकेओ स्टुडिओतले लिनवुड डन या कामातले दादा माणूस. त्यांचा नि सेसिल लव यांचा अ‍ॅक्मे-डन प्रिंटर 1940 च्या दशकात आला, तोवर बरेच स्टुडिओ आपापली यंत्रं घरच्या घरी जुळवत होते.

या कामाची एक खूण तिखट नजरेला लगेच कळायची. थांबा द्यायचा तो शॉट मूळ निगेटिव्हवरून न येता तिच्या नकलेच्या नकलेवरून यायचा, म्हणून चित्र थांबण्याच्या जरा आधीच रंग किंचित मळके आणि दाणा, म्हणजे फिल्मवरचे बारीक कण, जाड दिसायचा. शिवाय एरवी दर फ्रेमला वेगळा असणारा दाणाही थिजायचा. धूळ थिजायची. मुरलेले तंत्रज्ञ म्हणून एकाच फ्रेमवर न थांबता शेजारच्या दोन-तीन फ्रेम आलटून पालटून छापत, म्हणजे माणूस स्थिर पण दाणा जिवंत. आज कॉम्प्युटरवर फ्रीझ केल्यावर वरून ग्रेन, म्हणजे नकली दाणा, टाकतात, ती याच युक्तीची नात.

ही खटपट करून दिग्दर्शकांनी काय साधलं? 1929 च्या 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा'त सोव्हिएत दिग्दर्शक झिगा व्हर्टोव्हने धावता घोडा मधेच थिजवला, मग माणसांचे चेहरे थिजवले, आणि लगेच संकलनाच्या टेबलावर एलिझावेता स्विलोवा त्याच चेहऱ्यांच्या फितीचे तुकडे हाताळताना दाखवली. प्रत्यक्षात तीच त्याची संकलक आणि बायको. पुढे 1946 च्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ'मध्ये हात फैलावून उभा असलेला जेम्स स्टुअर्ट मधेच थांबतो आणि आकाशातले देवदूत त्याच्याविषयी गप्पा मारतात. निवेदकाला बोलायला मिळावं म्हणून पात्र थांबवायचं, ही आजच्या 'हा मी, आणि मी इथे कसा पोचलो ते सांगतो' छापाच्या रीलची आजी म्हणायला हरकत नाही.

पण थांबलेल्या फ्रेमला खरं वजन आलं ते शेवटाला. फ्रान्स्वा त्रुफोच्या 1959 च्या 'द फोर हंड्रेड ब्लोज'मध्ये सुधारगृहातून पळालेला पोरगा समुद्रापाशी पोचतो, वळतो, आपल्याकडे बघतो आणि तिथेच चित्र थांबून त्याच्या चेहऱ्याजवळ जातं. पाच वर्षांनी सत्यजित राय यांनी 'चारुलता' संपवला तो याहून अवघड जागी. दुरावलेला नवरा दारात उभा, चारू हात पुढे करते, तोही करतो, आणि हात भेटायच्या आत चित्र थिजतं. मग एकामागून एक थिजलेली चित्रं: तिचा चेहरा, त्याचा चेहरा, दिवा घेतलेला नोकर. शेवटी अक्षरं येतात, 'नष्टनीड', रवींद्रनाथांच्या मूळ कथेचं नाव. माझ्या मते फ्रीझचा इतका नेमका वापर आपल्याकडे दुसरा नाही, कारण इथे थांबणं हाच कथेचा शेवट आहे. एरवी आपल्या सिनेमात सगळं कुटुंब हसत हसत थिजायचं आणि वर 'समाप्त' यायचं. मालिकांनी ती चाल उचलून रोजची केली: धक्का बसलेला चेहरा, त्यावर श्रेयनामावली, बाकी उद्या.

टीव्हीची अडचण वेगळीच होती. सुरुवातीच्या दोन इंची व्हिडिओ टेपवर एका चित्राचे तुकडे अनेक आडव्या पट्ट्यांत विखुरलेले असत, त्यामुळे टेप थांबली की चित्रच नाही. 1967 मध्ये अ‍ॅम्पेक्स या कंपनीने एचएस-100 हे यंत्र आणलं. ते टेपऐवजी चुंबकीय तबकडीवर जेमतेम 30 सेकंद साठवायचं, पण त्यातलं हवं ते क्षणचित्र धरून ठेवायचं. खेळाच्या प्रक्षेपणात खेळाडू हवेत अधांतरी दिसू लागला तो तेव्हापासून. घरातल्या व्हीसीआरला पॉज होता, पण त्यात पडद्यावर आडवे पट्टे यायचे, आणि टेप घासली जाऊ नये म्हणून यंत्र काही मिनिटांत आपणहून पॉज सोडून द्यायचं.

आपल्याकडे लग्नात फ्रीझ शिरला तो मिक्सिंगच्या, म्हणजे लग्नाच्या कॅसेटचं संकलन करणाऱ्या, दुकानांतून. पॅनासोनिकच्या एमएक्स मालिकेतल्या व्हिडिओ मिक्सरवर स्टिल (चित्र थांबवणारं), स्ट्रोब, मोझॅक अशी इफेक्टची बटणं असत. दोन व्हीसीआर, मधे मिक्सर. कॅसेट चालू असताना बोट बटणावर ठेवून बसायचं आणि वधूने मान वर केली रे केली की दाबायचं. पाव सेकंद उशीर, की डोळे मिटलेली वधू. रिवाइंड. पुन्हा. एका दुकानात मी हे पाहत बसायचो. तिथल्या माणसाला एका हारासाठी सात वेळा मागे जावं लागलेलं आठवतं. सुपारी चघळत तो एवढंच म्हणाला, "नवरी पापण्या फार मारते."

1989 मध्ये अ‍ॅव्हिड आणि 1991 मध्ये अ‍ॅडोबी प्रीमियर ही कॉम्प्युटरवरच्या संकलनाची साधनं आल्यावर ही बोटांची कसरत संपू लागली. कॉम्प्युटरला थांबा द्यायला काहीच पडत नाही, तेच चित्र पुन्हा दाखव एवढंच सांगायचं. पुढे लग्नवाल्यांच्या आवडत्या एडियसमध्येही तो मेनूतला एक साधा पर्याय झाला.

वर जो 'फोटो' इफेक्ट चढतो, त्याचे भाग मात्र जुन्या सामानातून आलेत. पांढरा चमकारा फ्लॅशचा. 'खटॅक' हा एसएलआर कॅमेऱ्यातला आरसा उचलल्याचा आवाज. खालून जाड असलेली पांढरी किनार पोलरॉइडची, म्हणजे कॅमेऱ्यातून लगेच छापून येणाऱ्या फोटोची. तिथे रसायनाची पुडी दडलेली असायची म्हणून ती जाड. या तिन्ही वस्तू आयुष्यात न हाताळलेली पोरं त्या इफेक्टला बरोब्बर 'फोटो' म्हणून ओळखतात.

इतकं नटवावं लागतं याला कारण आहे. व्हिडिओची फ्रेम म्हणजे फोटो नव्हे. सेकंदाला 25 फ्रेमच्या चित्रणात शटर साधारण 1/50 सेकंद उघडं राहतं, आणि तेवढ्यात हललेला हात पुसट होतो. चालत्या चित्रात ही पुसटता डोळ्याला हवीच असते, थांबल्यावर मात्र ती खुपते. मंगलाष्टकं संपतात, सगळे अक्षता टाकतात, एडिटर तिथे थांबा देतो आणि हवेत तांदळाऐवजी रेघा दिसतात. म्हणून आता शटर 1/500 सेकंदच उघडं ठेवायला कॅमेरावाल्याला आधीच सांगून ठेवतात: "शेवटच्या सावधानला शटर पाचशेवर ने, तिथे फ्रीझ मारायचाय."