गाठीमागचा पांढरा पट्टा

मामीच्या छातीच्या सोनोग्राफी रिपोर्टमध्ये ‘पोस्टिरिअर अकूस्टिक एनहान्समेंट’ असे शब्द होते. मामेभावाने मोबाइलवर अर्थ काढला: ‘मागे वाढ’. दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. खरं तर अख्ख्या रिपोर्टमध्ये दिलासा देणारे शब्द तेच होते.

गाठ लागली की पहिला प्रश्न असतो, आत पाणी आहे की ती भरीव आहे? हाताला हे नक्की कळत नाही. तट्ट भरलेली सिस्टही, म्हणजे पाण्याची पिशवीही, चांगली टणक लागते. मॅमोग्राफीतही दोन्ही सारख्याच दिसू शकतात, कारण क्ष-किरणांच्या लेखी पाणी आणि मऊ ऊती यांत फारसा फरक नसतो. सोनोग्राफीत शरीरात सोडतात त्या आवाजाला तो कळतो. अमेरिकेतल्या मिनिआपोलिसमध्ये जॉन वाइल्ड हे सर्जन आणि जॉन रीड हे इंजिनिअर १९५०च्या दशकाच्या सुरुवातीलाच स्तनातल्या गाठींवर प्रतिध्वनीचे प्रयोग करत होते.

ऊतींच्या घडणीत बारीक बारीक फरक असतात, त्यांवर आपटून आवाज परततो आणि पडद्यावर करडे कण उमटतात. साध्या सिस्टमधलं पाणी एकजिनसी. तिथून काहीच परतत नाही, म्हणून ती काळीभोर दिसते. पण काही भरीव गाठीही जवळपास काळ्याच दिसतात. मग बघायचं गाठीच्या मागे, आणि खरी गंमत तिथेच आहे.

मऊ ऊतींमध्ये आवाज दर सेंटिमीटरला, कंपनसंख्येच्या दर मेगाहर्ट्‌झमागे साधारण अर्धा डेसिबल (आवाजाच्या तीव्रतेचं माप) क्षीण होतो. १० मेगाहर्ट्‌झचा प्रोब (आवाज सोडणारं, अंगावर फिरवायचं उपकरण) धरला तर सेंटिमीटरला ५ डेसिबल, जाऊन-येऊन १०. म्हणजे एक सेंटिमीटर अधिक खोलीवरून येणाऱ्या प्रतिध्वनीची शक्ती दहावा हिस्सा उरते. मशीनला ही घट ठाऊक असते, म्हणून ते जितक्या खोलवरचा आवाज तितका जास्त मोठा करून दाखवतं. पण वाटेत पाणी लागलं तर? पाण्यात आवाज जेमतेम घटतो. मशीन बापडं भरपाई देतच राहतं, न झालेल्या नुकसानीचीही! त्यामुळे सिस्टच्या मागचा भाग अवाजवी उजळ होतो. तोच हा पांढरा पट्टा. वाढते ती चकाकी, गाठ नव्हे.

बऱ्याच कर्करोगांत उलटं घडतं. तंतुमय जाळं आवाज गिळतं आणि मागे सावली पडते. नेहमीच नाही हं; झपाट्याने वाढणाऱ्या काही कर्करोगांमागेही पट्टा दिसतो. म्हणून डॉक्टर कडा, भिंत, आतला रक्तप्रवाह असं सगळं मिळून बघतात आणि शंका आली की सुईने नमुना घेतात. ‘सुई टोचली की गाठ भडकते’ म्हणणारे लोक प्रत्येक गल्लीत भेटतात. तेच लोक दुखत नाही म्हणून गाठीवर महिनोन्‌महिने लेप लावायला सांगतात; कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, हे त्यांच्या गावी नसतं.

मामीची गाठ दीड सेंटिमीटरची, आत काळीभोर, भिंत पातळ, मागे लख्ख पट्टा. तिला सुईसुद्धा लागली नाही.