‘काही’ म्हणजे नेमके किती? विधाने-निष्कर्ष प्रश्नांची पार्श्वभूमी

विधाने व्यवहाराशी कितीही विसंगत वाटली तरी ती खरी मानायची आणि निष्कर्ष तेवढ्यावरच काढायचा, ही सूचना बँक भरतीच्या उमेदवारांना जुनीच. खुर्च्या हत्ती असतात, हत्ती पेन असतात, कोणी दचकत नाही. राज्यसेवेच्या उमेदवारांवर ही सवय जरा उशिरा लादली गेली. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत २०११ पासून ऐच्छिक विषय जाऊन असे प्रश्न असलेला कल चाचणीचा (सीसॅट) दुसरा पेपर आला: ८० प्रश्न, २०० गुण. दोन वर्षांनी, २०१३ मध्ये, राज्याच्या पूर्वपरीक्षेनेही तोच साचा उचलला. कला शाखेच्या मुलांनी त्यावर बरेच रान उठवले. दिल्लीत २०१४ च्या उन्हाळ्यात आंदोलन पेटले आणि २०१५ पासून केंद्राचा हा पेपर फक्त ३३ टक्के मिळवून पात्र ठरण्यापुरता राहिला. राज्यात तोच निर्णय व्हायला २०२२ उजाडले. सात वर्षांचा हा उशीर कशासाठी, याचे पटेल असे उत्तर आजवर वाचनात नाही.

गंमत अशी की, हे प्रश्न ‘इंजिनीअरांचे’ म्हणून बदनाम झाले, पण त्यांचे मूळ शास्त्र कला शाखेत शिकवले जाते. पक्षपद, साध्यपद, मध्यपद हे शब्द तर्कशास्त्राच्या पुस्तकातले. मध्यपद, म्हणजे दोन्ही विधानांत सामाईक असलेले पद, दोन्हीकडे अर्धेमुर्धेच (त्यातल्या सगळ्यांबद्दल न बोलता) आले असेल तर निष्कर्ष निघत नाही, हे ग्रीकांनी ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातच दाखवले, आणि क्लासमध्ये आजही पहिल्या आठवड्यात तेच फळ्यावर येते. आपल्याकडच्या न्यायदर्शनाने अनुमानाचे पाच अवयव केले: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर धूर आहे, म्हणून तिथे अग्नी आहे, जसे स्वयंपाकघरात. यातले ‘जसे स्वयंपाकघरात’ महत्त्वाचे. नियम नुसता सांगून भागत नाही, तो जिथे लागू पडलेला दिसतो अशी निदान एक जागा दाखवावी लागते. परीक्षेतला सगळ्यात चिवट वाद याच ठिकाणी आहे.

‘सर्व आंबे फळे आहेत’ हे खरे धरले, तर ‘काही आंबे फळे आहेत’ हा निष्कर्ष निघतो का? परीक्षेची उत्तरतालिका ‘निघतो’ म्हणते, आणि उमेदवारही तसेच पाठ करतो. पण इथे दोन वेगळ्या दिशांनी हरकत येते.

पहिली हरकत गणिताची. एकही आंबा नसेल तर? ‘सर्व’चे विधान तरीही खोटे पडत नाही, कारण फळ नसलेला आंबा कुणालाच दाखवता येत नाही. ‘काही’ला मात्र निदान एक आंबा लागतो. एकोणिसाव्या शतकात तर्काची बीजगणिती मांडणी झाली, तेव्हा ही फट उघडी पडली. दोन विधाने आणि एक निष्कर्ष यांच्या २५६ संभाव्य आकारांपैकी जुन्या पद्धतीने २४ वैध ठरत होते, नव्या पद्धतीने १५ उरले. गळालेले ९ हे वस्तू अस्तित्वात आहे असे गुपचूप धरून चालणारे होते. मुलांच्या गोष्टींमुळेच जास्त ओळखला जाणारा एक इंग्रज गणितज्ञ मात्र १८९६ च्या पुस्तकात अडून बसला, की ‘सर्व’ म्हणणारा माणूस ती वस्तू आहे असेही सांगतच असतो. आपल्या परीक्षा नकळत त्याच्या बाजूने आहेत. उमेदवार आकृत्या काढतो त्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेल्या वर्तुळांच्या, आणि उत्तर देतो ते जुन्या ग्रीक पद्धतीचे.

दुसरी हरकत बोलीची, आणि माझ्या मते जास्त वजनाची. ‘काही पाहुणे जेवले’ असे कोणी म्हटले की घरातली माणसे उरलेल्यांसाठी पाने मांडायला घेतात. रोजच्या मराठीत ‘काही’मध्ये ‘सगळे नाही’ हे आपोआप येते. तर्कशास्त्रात ‘काही’ म्हणजे किमान एक, आणि सगळे असले तरी बिघडत नाही. पोरांचे गुण जातात ते बहुतेक वेळा याच पायरीवर, आणि क्लासवाले त्याला ‘बेसिक कच्चे’ म्हणतात. कच्चे काही नसते. पोरगा मराठी बरोबर बोलत असतो.

बँकांच्या सामाईक भरती परीक्षा २०११ मध्ये सुरू झाल्या. त्यानंतरच्या वर्षांत ‘शक्यता आहे’ असे संपणारे निष्कर्ष रूढ झाले, आणि दशकाच्या अखेरीस ‘ओन्ली अ फ्यू’ हा प्रकार आला. ‘ओन्ली अ फ्यू पेन्स आर बुक्स’ याचा परीक्षेतला अर्थ दुहेरी: काही पेन पुस्तके आहेत, आणि काही पेन पुस्तके नाहीत. म्हणजे ‘सर्व पेन पुस्तके असण्याची शक्यता आहे’ हे चूक. पण ‘सर्व पुस्तके पेन असण्याची शक्यता आहे’ हे बरोबर, कारण बंधन फक्त पेनांवर आहे. ‘काही’चा जो घरगुती अर्थ इतकी वर्षे चुकीचा म्हणून खोडला जात होता, त्यालाच इथे मागच्या दाराने आत घेतले. तोही इंग्रजी नाव लावून.

सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारी बँकांची लिपिक भरती इंग्रजी-हिंदीबरोबर तेरा प्रादेशिक भाषांत घेण्याचे ठरले, त्यात मराठीही आहे. अनुवादकाची खरी कसोटी तिथून सुरू होते. ‘ओन्ली अ फ्यू’ला ‘फक्त काही’ म्हणावे तर ते ‘फक्त’च्या विधानाशी गोंधळते. ‘फक्त पदवीधर पात्र आहेत’ याचा अर्थ सर्व पात्र उमेदवार पदवीधर आहेत, असा उलटा वाचायचा असतो. ‘फक्त काही’ मात्र सरळच वाचायचे. ‘काहीच’ म्हणावे, तर पुढे नकार आला की अर्थच पालटतो: ‘काहीच कळले नाही’ म्हणजे थोडे कळायचे राहिले असे नव्हे.

‘नो’च्या विधानाचे तर त्याहून अवघड. ‘सर्व पेन पुस्तके नाहीत’ हे वाक्य दोन्ही बाजूंनी वाचता येते: एकही नाही, किंवा सगळी नाहीत पण थोडी असतील. ‘सगळे दिवस सारखे नसतात’ म्हणताना आपल्याला दुसराच अर्थ अभिप्रेत असतो. पहिला हवा असेल तर ‘एकही पेन पुस्तक नाही’ असेच लिहावे लागते. तिथे ‘सर्व… नाहीत’ छापले गेले, तर दोन उमेदवार दोन वेगळी विधाने सोडवत बसतात आणि दोघांचेही तर्कशास्त्र बिनचूक असते.