'रन'चे ६४५ अर्थ आले कुठून?

पीटर गिलिव्हर हे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे एक संपादक. कोशाच्या नव्या आवृत्तीचं काम चालू असताना 'रन' हा शब्द त्यांच्या वाट्याला आला आणि त्या एका शब्दात त्यांचे नऊ महिने गेले. काम हातावेगळं झालं तेव्हा नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले होते. नाम म्हणून असलेले अर्थ वेगळेच. तोवर सर्वांत जास्त अर्थांचा मान बराच काळ 'सेट' या शब्दाकडे होता. १९८९ सालच्या वीस खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट'ची नोंद सुमारे ६०,००० शब्दांची होती आणि त्यात ४३० अर्थ नोंदवले होते. एका शब्दाचा अर्थ सांगायला अख्ख्या कादंबरीएवढा मजकूर!

हे आकडे ऐकले की वाटतं, एवढे अर्थ इंग्रज माणूस डोक्यात ठेवतो तरी कसे? पण या प्रश्नात एक गैरसमज दडलेला आहे. आपण समजतो की ६४५ अर्थ म्हणजे ६४५ वेगवेगळे कप्पे. प्रत्यक्षात एका अर्थाला धरून दुसरा येतो, दुसऱ्याला धरून तिसरा. ती साखळी हाती लागली की पाठांतर फारसं उरत नाही.

शाळेत आपण 'रन म्हणजे धावणे' असं शिकलो आणि तिथेच आपली गाडी अडते. कारण या शब्दाच्या मुळाशी धावणं आहे तसंच वाहणंही आहे. इंग्रजीची सख्खी बहीण असलेल्या जर्मन भाषेत आजही दोन वेगळी क्रियापदं आहेत : 'रिनन' म्हणजे वाहणं आणि 'रेनन' म्हणजे धावणं. इंग्रजीत ही दोन्ही एकमेकांत मिसळून गेली. म्हणून नळाचं पाणी 'रन' होतं, सर्दी झाली की नाक 'रन' होतं, धुताना कपड्याचा रंग 'रन' होतो. इथे कोणी धावत नाही, सगळं वाहतं आहे. अंघोळीसाठी टबात पाणी सोडण्याला इंग्रजीत 'रन अ बाथ' म्हणतात, तेही याच वाटेने आलं. 'धावणे' डोक्यात ठेवून या वाक्यांकडे पाहिलं तर ती विचित्र वाटतात, 'वाहणे' ठेवून पाहिलं तर अगदी सरळ.

पुढची पायरी अधिक रंजक आहे. रस्ता नदीच्या कडेने 'रन' होतो. रस्ता तर जागचा हलत नाही, मग धावतं कोण? धावते ती आपली नजर. एखादी लांब गोष्ट डोळ्यांसमोर आणताना मन तिच्यावरून सरकत जातं आणि भाषा ते सरकणं त्या गोष्टीच्याच नावावर टाकते. भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड टॅल्मी यांनी या काल्पनिक गतीचा बारकाईने अभ्यास केला आहे. मराठीतही आपण 'हा रस्ता डोंगरावर जातो' असं बिनदिक्कत म्हणतोच. जागेत पसरणं जमलं की काळात पसरणं फार दूर नसतं. नाटक सहा महिने 'रन' होतं, करार आणखी दोन वर्षं 'रन' होतो, एखादा गुण घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या 'रन' होतो.

मग यंत्रं आली. गाड्या 'रन' होऊ लागल्या, इंजिनं 'रन' होऊ लागली आणि अखेर संगणकावरचे प्रोग्रॅमही. यंत्रयुगाने 'रन'ला जे भरघोस नवे अर्थ दिले, ते 'सेट'च्या वाट्याला तेवढे आले नाहीत.

इथे मराठी माणसाला एक गोष्ट चटकन दिसते, जी इंग्रज वाचकाच्या सहसा लक्षात येत नाही. आपण 'चालणे' आणि 'चालवणे' वेगळं म्हणतो. यंत्र चालतं, माणूस ते चालवतो. एक 'व' घातला की कर्ता बदलला हे कानाला कळतं. इंग्रजीत असा 'व' नाही. यंत्रही 'रन' होतं आणि माणूसही यंत्र 'रन' करतो. म्हणजे आपण ज्या ठिकाणी दोन शब्द मोजतो, तिथे इंग्रजी कोशाला एकाच शब्दाखाली दोन अर्थ नोंदवावे लागतात. संस्था चालवणं, पाणी सोडणं, बातमी छापणं, निवडणुकीत उमेदवार उभा करणं हे सगळं त्या एका 'रन'च्या खात्यावर जमा होतं. ६४५ हा आकडा फुगण्यात या व्याकरणाचा वाटा मोठा आहे, असं मला वाटतं.

क्रिकेटमधली 'रन' घ्या. पूर्वी धावा मोजायला काठीवर खाचा पाडत, म्हणून एका धावेला 'नॉच' म्हणजे खाचच म्हणत. पुढे 'रन' रुळला, कारण खेळाडू खरंच एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावायचे. आज फलंदाज षटकार मारतो, जागचा हलतही नाही आणि त्याच्या नावावर सहा 'रन' लागतात. धावणं गळून गेलं, मोजणी तेवढी उरली. आपण 'धाव' हा शब्द घेतला तेव्हा हे गळून जाणंही त्याच्यासोबत घेतलं. 'न धावता सहा धावा' हे कोणालाही खटकत नाही. शब्दाचा नवा अर्थ असाच जन्मतो. जुन्या अर्थातली एक बाजू उचलली जाते, ती वापरून वापरून घट्ट होते आणि मग मूळ अर्थाची तिला गरज उरत नाही.

एका शब्दाचे असे अनेक अर्थ असण्याला फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी १८९७ साली 'पॉलिसेमी' हे नाव दिलं. मराठीत त्याला अनेकार्थता म्हणू. पण एक सावधगिरी हवी : एकाच रूपात दोन परके शब्दही राहत असतात. इंग्रजीत वटवाघूळही 'बॅट' आणि चेंडू मारायची फळीही 'बॅट', पण दोघांचं नातं काहीच नाही. मराठीतला 'वर' याहून सुंदर उदाहरण आहे. 'माळ्यावर'मधला 'वर' संस्कृत 'उपरि'पासून झिजून आला. देवाने दिलेला वर आणि लग्नातला वर मात्र दोन्ही 'वृ' म्हणजे निवडणे या धातूचे. मागून, निवडून घेतलेलं ते वरदान आणि निवडलेला तो नवरदेव. तीन अर्थ, त्यांतले दोन भाऊ आणि एक योगायोगाने सारख्या नावाचा परका.

हा फरक नुसत्या व्युत्पत्तीचा नाही, तो मेंदूलाही जाणवतो. जेनी रॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना पडद्यावरची अक्षरं खरा शब्द आहे की नाही एवढंच ओळखायचं होतं. ज्या शब्दांना परस्परांशी संबंध नसलेले अर्थ होते, उदाहरणार्थ कुत्र्याचं भुंकणं आणि झाडाची साल या दोन्हींसाठीचा 'बार्क', ते ओळखायला उशीर लागला. उलट ज्यांना एकमेकांत गुंतलेल्या अनेक छटा होत्या ते अधिक लवकर ओळखले गेले. म्हणजे अर्थ पुष्कळ असणं हे ओझं नाही. अर्थांत भांडण असलं तरच ओझं होतं.

असे अर्थांनी लादलेले शब्द नेमके कोणते असतात? 'रन', 'सेट', 'पुट', 'टेक', 'गो' असे सगळे छोटे, रोजच्या तोंडचे. अमेरिकी अभ्यासक जॉर्ज झिफ यांनी १९४५ साली दाखवून दिलं की शब्दाच्या अर्थांची संख्या साधारण त्याच्या वापराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. चौपट वापरला जाणारा शब्द, ढोबळमानाने दुप्पट अर्थ. २०१२ साली स्टीव्हन पियांतादोसी, हॅरी टिली आणि एडवर्ड गिब्सन यांनी इंग्रजी, जर्मन आणि डच शब्द तपासून यामागचं कारण मांडलं. बोलणं तुलनेने महाग असतं, कारण जीभ हलवायला वेळ लागतो. ऐकणाऱ्याचं अनुमान मात्र स्वस्त असतं. संदर्भातून जे कळणारच आहे ते पुन्हा उच्चारण्यात काय हशील? म्हणून सोपे, आखूड शब्दच पुन्हा पुन्हा कामाला जुंपले जातात.

अर्थ मोजणाऱ्याचा हात किती बारीक कातरतो यावरही आकडा ठरतो, हे इथे सांगायला हवं. प्रिन्स्टन विद्यापीठात तयार झालेल्या 'वर्डनेट' या संगणकीय शब्दसंग्रहात 'रन' या क्रियापदाचे अर्थ ४१ आहेत. भाषा तीच, शब्द तोच. नाक वाहणं आणि नळ वाहणं एक धरायचं की दोन, हे कोशकाराला ठरवावं लागतं.

आता ऐकणाऱ्याच्या डोक्यात डोकावू. बोलणं ऐकताना मेंदू फक्त योग्य अर्थ उचलतो की आधी सगळे अर्थ उघडून मग निवड करतो? डेव्हिड स्विनी यांनी १९७९ साली यावर फार चतुर प्रयोग केला. लोकांच्या कानावर एक गोष्ट घातली : एका सरकारी इमारतीत बऱ्याच अडचणी होत्या, खोलीच्या कोपऱ्यात माणसाला कोळी, झुरळं आणि इतर 'बग्ज' सापडले. 'बग' म्हणजे किडा, आणि 'बग' म्हणजे चोरून ऐकण्यासाठी लपवलेलं यंत्रही. कोळी आणि झुरळं म्हटल्यावर इथे किडेच अभिप्रेत आहेत यात शंका नाही. 'बग्ज' हा शब्द कानावर पडताच पडद्यावर एक शब्द झळके, आणि तो खरा शब्द आहे का हे बटण दाबून सांगायचं. कधी 'मुंगी', कधी 'हेर', कधी काहीच संबंध नसलेला 'शिवणे' (अर्थात इंग्रजीत).

'मुंगी' लवकर ओळखला गेला, ते अपेक्षितच होतं. पण 'हेर'सुद्धा तेवढ्याच चटकन ओळखला गेला! झुरळांचा एवढा स्पष्ट संदर्भ असूनही हेरगिरीचा अर्थ क्षणभर जागा झाला होता. मग स्विनींनी तोच शब्द थोडा उशिरा, आणखी तीन अक्षरं बोलली गेल्यावर दाखवला. आता फक्त 'मुंगी'लाच फायदा मिळाला, 'हेर' मावळला होता. हे दार उघडून मिटेपर्यंत एखादा सेकंदही जात नाही, म्हणून आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही. कोटी करणारा माणूस मात्र नेमका हाच क्षण पकडतो.

यंत्रांना हे जमायला फार वेळ लागला. इस्रायली तत्त्वज्ञ येहोशुआ बार-हिलेल यांनी १९६० साली एक साधं वाक्य पुढे केलं : 'द बॉक्स वॉज इन द पेन'. छोटा जॉन खेळण्यांची पेटी शोधतो आहे, ती 'पेन'मध्ये सापडते. इथे 'पेन' म्हणजे लहान मुलांना खेळायला ठेवतात ते कुंपण. यंत्राला हे कधीच कळणार नाही असं त्यांचं म्हणणं होतं, कारण शेजारच्या शब्दांत त्याचं उत्तर नाही. उत्तर आहे ते आपल्याला ठाऊक असलेल्या आकारांत : लेखणीत पेटी मावत नाही. संगणकाला शब्दांचे अर्थ आकड्यांत मांडून देणाऱ्या, २०१३ साली गाजलेल्या 'वर्ड-टू-व्हेक' पद्धतीतही प्रत्येक शब्दाला आकड्यांची एकच ठरावीक यादी मिळे, त्यामुळे नाकातला 'रन' आणि क्रिकेटचा 'रन' एकाच ओळीत कोंबले जात. २०१८ सालच्या 'बर्ट'सारख्या भाषेच्या संगणकीय मॉडेलांनी प्रत्येक वाक्यात त्या शब्दासाठी आजूबाजूचे शब्द पाहून नवी यादी बनवायला सुरुवात केली.

आपल्याकडे 'रन'च्या तोडीचं क्रियापद कोणतं, असं विचारलं तर मी 'लागणे' म्हणेन. भूक लागते, आग लागते, नोकरी लागते, वेळ लागतो, मन लागतं, चटक लागते, निकाल लागतो. 'दार लागलं' एवढंच कोणी म्हणालं तर? ते बंद झालं किंवा त्याचा मार बसला, दोन्ही बरोबर. पण बोलणारा कपाळ चोळत असेल तर ऐकणारा विचारतो, "फार लागलं का?" आणि दाराकडे पाहतसुद्धा नाही.