किमची

किमची : कोरियन द्वीपकल्पातील जेवणाचे मुख्य तोंडीलावणे. मिठात मऊ केलेल्या भाज्या लाल मिरचीची भरड, लसूण, आले, कांद्याची पात आणि खारवलेली मासळी यांच्या मसाल्यात मुरवून ती तयार करतात. वर्णनावरून ती लोणच्यासारखी वाटते, पण प्रक्रिया निराळी आहे. आपले लोणचे तेल, मीठ आणि फळाचा अंगचा आंबटपणा यांवर टिकते. किमचीचा आंबटपणा बरणीत भाजी आंबू लागल्यावर येतो. त्या दृष्टीने तिचे जवळचे नाते उत्तर भारतातील काळ्या गाजराच्या कांजीशी आहे. आज किमची म्हटले की लालभडक चिनी कोबी डोळ्यांसमोर येतो. मात्र तिचा लाल रंग आणि तो कोबी या दोन्ही गोष्टी तिच्या इतिहासात बऱ्याच उशिरा आल्या.

नाव : ‘छिम्छे’ (बुडवलेली भाजी) या चिनी घटकांच्या शब्दापासून ‘किमची’ आला, हे मत सर्वसाधारणपणे मान्य आहे. १५२७ च्या ‘हुनमोंग जाह्वे’ या अक्षरबोधिनीत खारवलेल्या भाजीच्या चिनी चिन्हाला ‘दिम्छे’ हा कोरियन प्रतिशब्द दिला आहे. पुढे ‘दि’चा ‘जि’ झाला. ‘जि’ हा ‘कि’चा गावंढळ उच्चार असावा अशा समजुतीने लोकांनी तो ‘सुधारला’ आणि शुद्ध बोलण्याच्या नादात मुळात नसलेला ‘क’ शब्दात शिरला. ‘दिम्छे’ हा मूळचा देशी शब्द असून चिनी चिन्हे त्याला मागाहून चिकटवली, असेही काही अभ्यासक मानतात. याहून जुना, निश्चितपणे देशी शब्द ‘दिही’ हा होय. दू फू या चिनी कवीच्या कवितांच्या १४८१ मधील कोरियन भाषांतरात ‘हिवाळी दिही’ असा प्रयोग आढळतो. दक्षिणेकडील बोलींत आजही किमचीला नुसते ‘जी’ म्हणतात, ते त्याचेच अवशिष्ट रूप मानले जाते.

प्राचीनता : तिसऱ्या शतकातील एका चिनी इतिहासग्रंथात कोगुर्यो राज्याचे लोक पदार्थ आंबवण्यात तरबेज असल्याचा उल्लेख आहे. तो किमचीचा पुरावा म्हणून वारंवार दिला जातो, परंतु त्यात भाजीचे नाव नाही. ११४५ मध्ये संकलित झालेल्या ‘सामगुक सागी’ या कोरियन इतिहासग्रंथात सिल्ला राज्याच्या सिनमुन राजाच्या ६८३ मधील विवाहाची देणी नोंदली आहेत, तेथील शब्दही सोयाबीनचे आंबवण आणि खारवलेले मांस वा मासळी यांचा बोध करून देतात. निःसंदिग्ध उल्लेख त्यानंतर बऱ्याच काळाने, ई ग्यू-बो (११६८–१२४१) या कोर्यो राजवटीच्या काळातील कवीकडे मिळतो. आपल्या परसातील सहा भाज्यांवरील कवितांत तो मुळ्याविषयी सांगतो, की सोयाबीनच्या आंबवणात घातला तर तो उन्हाळ्याचे तीन महिने खावा आणि मिठात मुरवला तर हिवाळाभर पुरतो. हा मुळा अर्थातच पांढरा होता.

मिरचीचा प्रश्न : लाल मिरची मूळची अमेरिकेतील. पोर्तुगीजांनी ती जशी गोव्यामार्गे भारतात आणली, तशीच ती पूर्व आशियातही पोहोचवली. जपानने कोरियावर केलेल्या स्वारीच्या (१५९२–९८) सुमारास ती कोरियात आली असावी, हे प्रचलित मत आहे. ई सु-ग्वांग याने १६१४ च्या ‘जिबोंग युसोल’ या ग्रंथात तिला ‘जपानी मोहरी’ म्हटले आहे. ती जहाल विषारी आहे, दारूच्या गुत्त्यांत मद्याबरोबर देतात आणि त्यापायी अनेक जण मेले, असेही तो लिहितो. स्वयंपाकघरात तिचा शिरकाव सावकाश झाला, हे यावरून समजू शकते. सु. १६७० मध्ये जांग ग्ये-ह्यांग या कुलीन स्त्रीने कोरियन लिपीत लिहिलेल्या पाकग्रंथात मिरची नाही. किमचीत मिरची घालण्याची कृती १७६६ च्या ‘जुंगबो साल्लिम ग्योंगजे’ या शेती व घरकामावरील ग्रंथात स्पष्टपणे दिसते.

अलीकडे काही कोरियन अन्नशास्त्रज्ञांनी मिरची तेथे स्वारीपूर्वीही होती असे प्रतिपादन केले आहे. त्यांचा आधार जुन्या ग्रंथांतील ‘छो’ हे चिन्ह आहे. मात्र हेच चिन्ह ‘छोपी’ या तिखट फळालाही वापरीत. छोपी म्हणजे कोकण-गोव्यात माशांच्या आमटीत पडणाऱ्या तिरफळाच्याच (झँथोझायलम) प्रजातीतील झाड. मिरचीपूर्वीच्या किमचीत ते घालत. कोलंबसापूर्वी मिरची अमेरिकेबाहेर पोहोचल्याचा वनस्पतिशास्त्रीय पुरावा नसल्याने प्रचलित मतच अधिक ग्राह्य वाटते. मिठाच्या टंचाईमुळे मिरची रुळली, तसेच तिच्यामुळे मासळीचा उग्र वास दबला, अशी दोन स्पष्टीकरणे दिली जातात. दुसरे अधिक पटते, कारण मिरचीबरोबरच खारवलेल्या मासळीचा वापरही वाढलेला दिसतो.

कोबी : पूर्वी भर मुळा, काकडी, वांगी व मोहरीचा पाला यांवर असे. घट्ट गड्ड्याचा चिनी कोबी (बेचू) एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चीनमधून येऊन रुळला. त्याच्या देशी, भरवशाच्या बियाण्याचे श्रेय उ जांग-चुन (१८९८–१९५९) या वनस्पतिप्रजनकाला जाते. जपानात वाढलेल्या या शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये कोबी, मोहरी व सलगम यांच्या जातींमधील गुणसूत्रीय नाते उलगडले होते. आपली राई ही दोन भिन्न जातींच्या संकरातून उद्भवली, हे त्याच मांडणीत येते. १९५० मध्ये तो कोरियात आला आणि पुढे कोबी-मुळ्याच्या सुधारित वाणांवर त्याने काम केले.

कृती व आंबण्याची क्रिया : कोबीचे उभे दोन वा चार भाग करून ते मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवतात. पाने न मोडता वाकू लागली की धुऊन निथळतात. चिकट तांदळाच्या पिठाची खळ शिजवून तीत मिरचीची भरड (गोचुगारू), लसूण, आले, मुळ्याचा कीस आणि खारवलेली मासळी (जोतगाल) मिसळतात व हा मसाला पानापानांत चोळतात. जोतगालात बारीक कोळंबी आणि अँचोव्हीचा अर्क हे प्रमुख. ही कोळंबी कोकणातील जवळ्याच्याच असेटिस प्रजातीतील आहे. बौद्ध मठांत मासळी, लसूण व कांदा वर्ज्य असतात. एरवी किमची शाकाहारी असेल असे गृहीत धरू नये.

मिठामुळे भाजीतील पाणी सुटते आणि कुजवणारे जंतू मागे पडतात. लॅक्टिक जंतू तग धरतात. सुरुवातीला ल्यूकोनोस्टॉक जंतू लॅक्टिक अम्लाबरोबर कार्बन डायऑक्साइडही तयार करतात, म्हणून ताज्या मुरलेल्या किमचीला सोड्यासारखा चुरचुरीतपणा असतो. आम्लता वाढली की लॅक्टोबॅसिलस गटातील जंतूंचे प्राबल्य होते आणि किमची आंबटढाण बनते. पीएच ४·२ ते ४·५ च्या दरम्यान चव उत्तम समजतात. साधारण २०° से.ला ही अवस्था दोन-तीन दिवसांत येते, तर ५° से.ला दोन-तीन आठवडे लागतात. मातीचे रांजण (ओंगी) गळ्यापर्यंत जमिनीत पुरण्याचे कारण हेच. सदनिकांत अंगण राहिले नाही, तेव्हा खास किमचीसाठी शीतपेट्या निघाल्या. १९९५ मध्ये बाजारात येऊन लोकप्रिय झालेल्या अशा शीतपेटीचे नाव ‘दिम्छे’ ठेवले गेले.

प्रकार : मुळ्याच्या चौकोनी फोडींची क्काक्दुगी, मिरचीविरहित पांढरी बेक किमची, मुळ्याची पाणीदार दोंगचिमी, मसाला भरलेल्या काकडीची ओइ-सोबागी हे परिचित आहेत. थंड उत्तरेत मीठ व तिखट कमी आणि पाणी जास्त; उबदार दक्षिणेत, विशेषतः जोल्ला प्रांतात, मीठ, मिरची व मासळी सढळ. उत्तर कोरियातील केसोंग शहराची बोस्साम किमची कोबीच्या पानात फळे व समुद्री जिन्नस गुंडाळून करतात. जुनी, फार आंबट किमची टाकून न देता डुकराच्या मांसाबरोबर रश्शात (किमची-ज्जिगे) शिजवतात.

किमजांग : हिवाळ्याच्या तोंडाशी हिवाळाभराची बेगमी करण्याचा सामुदायिक परिपाठ. आपल्याकडील सावडीप्रमाणे शेजारणी आळीपाळीने एकमेकींकडे राबतात. त्या दिवशी ताजी किमची उकडलेल्या डुकराच्या मांसाबरोबर खातात आणि घरोघरी वाटतात. युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत दक्षिण कोरियाची नोंद २०१३ मध्ये आणि उत्तर कोरियाची वेगळी नोंद २०१५ मध्ये केली.

मानके व वाद : ‘किमुची’ या किमचीच्या जपानी प्रकाराशी झालेल्या वादानंतर कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरविणाऱ्या आयोगाने २००१ मध्ये ‘किमची’ याच नावाने मानक ठरविले. २०२० मध्ये चीनच्या पुढाकाराने ‘पाओत्साय’ या खारवलेल्या भाजीचे आंतरराष्ट्रीय मानक निघाले. ते किमचीला लागू नाही असे त्यातच नमूद असूनही वाद पेटला, कारण चिनी भाषेत किमचीलाही पाओत्सायच म्हणत. २०२१ मध्ये दक्षिण कोरियाच्या संस्कृती मंत्रालयाने चिनी भाषेसाठी ‘शिन्छी’ हा नवा शब्द ठरविला. ध्वनिसाम्यासाठी निवडलेल्या त्या चिन्हांचा अर्थ ‘तिखट’ आणि ‘आगळे’ असा होतो.