पन्नास हजार माणसं आणि पाऊण सेकंद

क्रीडापानावर एक वाक्य कायम जुळवून ठेवलेलं असतं: 'प्रेक्षकांच्या ऊर्जेने स्टेडियम भारून गेलं होतं.' खेळ कुठलाही असो, चालून जातं. हाँगकाँगच्या रग्बी सेव्हन्स स्पर्धेबद्दल तर ते हमखास येतं, कारण तिथे निम्मी बातमी मैदानातली असते आणि निम्मी गॅलरीतली. तर ही ऊर्जा एकदा मोजूनच टाकू या.

माणूस साधं बोलतो तेव्हा ध्वनीच्या रूपात त्याच्यातून बाहेर पडणारी शक्ती वॅटच्या एक लाखाव्या भागाच्या आसपास असते. बेंबीच्या देठापासून ओरडला तर ती काही मिलिवॅटपर्यंत जाते. चार मिलिवॅट धरा आणि पन्नास हजारांनी गुणा. उत्तर येतं २०० वॅट. छताला टांगलेले जेमतेम तीन पंखे चालतील एवढं. कान बधिर होतात ते आपला कान विलक्षण संवेदनशील असल्यामुळे. गर्दी काही वीजकेंद्र नसते. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी लोक गच्च्यांवर थाळ्या वाजवत होते, तेव्हा 'एकत्रित कंपनांनी विषाणू मरतो' असे संदेश फिरत होते आणि सरकारच्याच पत्र सूचना कार्यालयाला त्याचं खंडन करावं लागलं होतं. 'सामूहिक कंपनं' विकणारी शिबिरं आजही चालतात. त्यांच्या माहितीपत्रकावर एकदा वॅटमध्ये आकडा छापून मागा.

पण गर्दीत काहीच घडत नाही असं मात्र नाही. ऊर्जेपेक्षा कितीतरी मजेदार गोष्ट तिथे घडते, आणि ती बघायला सेव्हन्ससारखी जागा नाही.

आधी खेळाबद्दल थोडं. सेव्हन्स म्हणजे दोन्हीकडे सात-सातच खेळाडू, मैदान मात्र पंधरा जणांच्या रग्बीएवढंच. सात मिनिटांचे दोन भाग, मध्ये दोन मिनिटांची विश्रांती. स्कॉटलंडमधल्या मेलरोज गावात १८८३ साली नेड हेग नावाच्या खाटकाने क्लबसाठी पैसे उभे करायला ही युक्ती काढली. हाँगकाँगची स्पर्धा १९७६ पासूनची. १९८२ पासून ती सो कोन पो इथल्या मैदानावर होत असे. तिथेच १९९४ मध्ये चाळीस हजारांचं नवं स्टेडियम उभं राहिलं. २०२५ पासून ती काई ताकला गेली, जुन्या विमानतळाच्या जागेवर बांधलेल्या, उघडझाप होणाऱ्या छताच्या पन्नास हजारी स्टेडियममध्ये. आपल्याकडेही सेव्हन्स अगदीच अनोळखी राहिलेलं नाही. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला, तो याच प्रकारात.

शुक्रवार ते रविवार, तीन दिवस, सामन्यामागून सामना. प्रत्येक सामना पंधरा-वीस मिनिटांत आटोपतो, मग थोडी पोकळी, मग पुढचे दोन संघ. त्यातून बहुतेक प्रेक्षकांचा स्वतःचा संघ त्या क्षणी मैदानात नसतो. दक्षिणेकडच्या गॅलरीत, म्हणजे प्रसिद्ध 'साउथ स्टँड'मध्ये, केळ्याच्या नाहीतर सुपरमॅनच्या वेशात बिअर पीत उभी असलेली मंडळी सामोआच्या विजयावरही नाचतात आणि केनियाच्याही. फिजी आला की जवळपास सगळेच फिजीचे. (या देशाने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधल्या सेव्हन्सच्या सुवर्णपदकासाठी चक्क सात डॉलरची नोट काढली. देशाचं ते पहिलंच ऑलिंपिक पदक होतं.) म्हणजे हजारो माणसं जमलेली, मूड चांगला, जिवाला घोर नाही आणि दर वीस मिनिटांनी हात रिकामे. मेक्सिकन वेव्हला याहून चांगली जमीन कुठली?

मेक्सिकन वेव्ह वानखेडेवर बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. एका बाजूचे लोक हात वर करून उठतात, बसतात, त्यांच्या शेजारचे उठतात, आणि लाट मैदानाला प्रदक्षिणा घालते. १९८६ च्या मेक्सिकोतल्या फुटबॉल विश्वचषकामुळे ती जगभर पोहोचली, पण अमेरिकेत ऑक्टोबर १९८१ मध्येच ओकलंडच्या बेसबॉल सामन्यात ती टीव्हीवर दिसली होती. ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने २००७ मध्ये तिच्यावर बंदी घातली, कारण लाटेबरोबर हवेत हातच नाही तर ग्लास आणि बाटल्याही जायला लागल्या होत्या.

२००२ मध्ये फार्कश, हेल्बिंग आणि विचेक या तिघा संशोधकांनी 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात या लाटेवर एक छोटासा शोधनिबंध छापला. पन्नास हजारांहून मोठ्या फुटबॉल स्टेडियममधल्या चौदा लाटांच्या चित्रफिती त्यांनी तपासल्या. लाटेचा वेग सेकंदाला साधारण १२ मीटर, म्हणजे वीस खुर्च्या. रुंदी सुमारे पंधरा खुर्च्या. सहसा ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाते. आणि ती सुरू करायला फक्त काही डझन माणसं पुरतात.

या आकड्यांपाशी थांबायला हवं. पंधरा खुर्च्या रुंदीची लाट सेकंदाला वीस खुर्च्या पुढे सरकते, म्हणजे एकेका माणसाचा लाटेतला सहभाग पंधरा भागिले वीस, पाऊण सेकंद. एवढ्यात उठायचं, हात वर करायचे, टेकायचं. आणि एका खुर्चीवरून पुढच्या खुर्चीवर जायला लाटेला लागतो सेकंदाचा विसावा भाग. इथे खरी गंमत आहे. डोळ्यांना काही दिसलं आणि स्नायू हलला, यात माणसाचा सुमारे पाव सेकंद जातो. शेजारचा उठला म्हणून मी उठलो असं असेल, तर लाट सेकंदाला चार-पाच खुर्च्यांपलीकडे जाऊच शकत नाही. प्रत्यक्षात ती चौपट-पाचपट वेगाने जाते. म्हणजे कुणीही शेजाऱ्याला बघून उठत नाही! प्रत्येक जण लांबून येणारी लाट बघतो, तिचा वेग नजरेने मापतो आणि आपली पाळी कधी येणार हे ठरवून उठतो.

हेच कोडं पक्ष्यांच्या थव्यांतही आहे, आणि तिथे ते आधी सुटलं. वेन पॉट्स यांनी १९८४ मध्ये डनलिन या किनारी पक्ष्याच्या थव्यांचं चित्रण फ्रेम-फ्रेमने तपासलं. थव्याच्या वळण्याची लाट पक्ष्याच्या प्रतिसादवेळेच्या हिशेबाने येते त्याच्या जवळपास तिप्पट वेगाने पसरत होती, सुरुवात तेवढी सावकाश. पॉट्स यांनी याला नाव दिलं 'कोरस-लाइन'. रंगमंचावर ओळीत उभ्या नर्तकी शेजारणीची लाथ बघून लाथ उचलत नाहीत, ओळीतून सरकत येणारी हालचाल बघून उचलतात. मेक्सिकन वेव्हच्या सुरुवातीला 'एक, दोन, तीन' असं ओरडणारे लोक दोन-तीनदा फसतात, त्यामागेही हेच असावं असं मला वाटतं. पहिल्या काही रांगांना येणारी लाट बघायची सोयच नसते. त्यांना शेजाऱ्यावर विसंबावं लागतं, आणि शेजारी नेमका फोनमध्ये असतो.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या भागाकडे. थोडं सावकाश वाचा.

फार्कश, हेल्बिंग आणि विचेक यांनी या लाटेसाठी जे गणित वापरलं ते स्टेडियमसाठी जन्मलेलं नव्हतं, हृदयासाठी जन्मलं होतं. अमेरिकन गणिती नॉर्बर्ट वीनर आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ आर्तुरो रोझेनब्लूएट यांनी १९४६ साली हृदयाच्या स्नायूतून जाणाऱ्या विद्युतलाटेचं एक साधं प्रारूप मांडलं. स्नायूचा प्रत्येक बिंदू तीनपैकी एका अवस्थेत असतो. सज्ज: शेजाऱ्यांनी पुरेसं डिवचलं तर पेटणार. उद्दीपित: आत्ता पेटलेला, दुसऱ्यांना डिवचणारा. विसावलेला: नुकताच पेटून गेलेला, आता काही काळ कितीही डिवचलं तरी ढिम्म. बस, एवढंच. अशा पदार्थाला 'उद्दीपनक्षम माध्यम' म्हणतात. वणव्यातलं जंगल त्यात बसतं, चेतातंतू बसतो आणि गॅलरीतला प्रेक्षकही: बसलेला, उठलेला, आणि 'आत्ताच उठलो होतो बाबा' म्हणणारा. हे काम झालं कुठे? मेक्सिको शहरातल्या राष्ट्रीय हृदयरोग संस्थेत. मेक्सिकन वेव्हचं गणित मेक्सिकोतच, त्या विश्वचषकाच्या चाळीस वर्षं आधी तयार होतं!

तिसरी अवस्था सगळ्यात महत्त्वाची. लाट मागे का फिरत नाही? कारण तिच्या मागे विसावलेल्या माणसांचा पट्टा असतो. समोरून दुसरी लाट आली तर? पाण्यावरच्या दोन लाटा एकमेकींतून आरपार जातात. इथे दोघीही मरतात, कारण प्रत्येकीला पुढे फक्त दुसरीने दमवलेली माणसं भेटतात. म्हणूनच मध्यभागी उठलेला घोळका दोन्ही दिशांना सारख्याच जोराने पसरला, तर दोन लाटा मैदानाच्या पलीकडे भेटतील आणि खेळ खलास. प्रदक्षिणा हवी असेल तर सुरुवातीलाच एक बाजू मरायला हवी. फार्कश आणि मंडळींच्या प्रारूपात यासाठी दोन बाजूंच्या शेजाऱ्यांना वेगळं वजन दिलेलं आहे: एका बाजूच्याचा प्रभाव जास्त, दुसऱ्या बाजूच्याचा कमी, आणि अंतर वाढेल तसा दोन्हींचा घातांकाने घटत जाणारा. या वजनांची बेरीज ज्याच्या-त्याच्या उंबरठ्यापलीकडे गेली की माणूस उठतो.

मग प्रदक्षिणा किती काळ चालू राहील? लाटेचा वेग गुणिले विसाव्याचा काळ, म्हणजे लाटेमागच्या दमलेल्या पट्ट्याची लांबी. माणूस परत उठायला तयार होण्याआधी दहा सेकंद घेतो असं समजू. १२ गुणिले १०, १२० मीटर. गॅलरीचा घेर ६०० मीटर धरला तर लाट पन्नास सेकंदांत फेरी पुरी करून येते तेव्हा सगळे केव्हाच सज्ज झालेले असतात. घेर १२० मीटरपेक्षा कमी असता, तर लाट स्वतःच्याच शेपटीला धडकून विझली असती. लहान मैदानात लाट टिकत नाही याचं एक कारण हे, 'वातावरण नव्हतं' हे नव्हे.

वीनर आणि रोझेनब्लूएट यांना मधोमध भोक असलेल्या माध्यमातली ही प्रदक्षिणाच हवी होती, कारण हृदयात ती एक व्याधी आहे. उजव्या कर्णिकेत, म्हणजे हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात, झडपेच्या कड्याभोवती लाट अशीच फिरत राहिली की त्याला 'एट्रिअल फ्लटर' म्हणतात: मिनिटाला सुमारे ३०० फेऱ्या. सुरुवातही तशीच होते. एखादा अवेळी ठोका पडतो, एका बाजूचा स्नायू अजून विसावलेला असल्यामुळे लाट तिकडे मरते, दुसऱ्या बाजूने निसटते आणि गोल फिरून येते. स्टेडियममध्ये मधलं भोक म्हणजे मैदान. उपचार काय, तर डॉक्टर कॅथेटरने, म्हणजे शिरेतून हृदयात सरकवलेल्या बारीक नळीने, त्या वाटेवर एक बारीक रेघ जाळतात. कडं तुटतं, लाट थांबते. स्टेडियमच्या रचनाकारांनी हा उपचार नकळत केलेला असतो. काचेआडचे कंपनी-पाहुण्यांचे बॉक्स, पत्रकारांची जागा, रिकामा राहिलेला महागडा विभाग, या सगळ्या जाळलेल्या रेघाच. फट प्रभावाच्या पल्ल्यापेक्षा लहान असेल तर लाट ती ओलांडते, मोठी असेल तर नाही.

साउथ स्टँडबद्दल माझा एक तर्क आहे. तिथले लोक शांत बसलेले नसतात, सतत नाचत-उड्या मारत असतात, म्हणजे प्रारूपाच्या भाषेत कधी उद्दीपित तर कधी विसावलेले, 'सज्ज' जवळपास कधीच नाहीत. आधीच जळलेल्या रानातून वणवा जात नाही. सामना रंगात आल्यावर लाट उठत नाही त्याचं कारण मात्र वेगळं. तेव्हा डोळे चेंडूवर असतात, उंबरठा वर गेलेला असतो. त्या तिघांनीही हेच म्हटलं होतं: लाट सुरू होणं गर्दीच्या मनःस्थितीवर अवलंबून असतं.

आणि गाणं? अख्खं स्टेडियम एका सुरात गात होतं, हेही क्रीडापानावरचं आवडतं वाक्य. ध्वनी सेकंदाला ३४० मीटर जातो. समोरची गॅलरी २०० मीटरवर असेल तर त्यांचा आवाज तुमच्यापर्यंत अर्ध्या सेकंदाहून जास्त उशिरा येतो. बेताच्या लयीच्या गाण्यात हा एका ठोक्याएवढा फरक. प्रत्येक विभाग जवळच्या स्पीकरला आणि शेजाऱ्याला धरून गातो, पलीकडच्यांशी त्याचा मेळ बसूच शकत नाही. छत बंद असेल तर वर प्रतिध्वनींचा गोंधळ. लाट जमते कारण ती डोळ्यांवर चालते, आणि प्रकाशाला २०० मीटर म्हणजे काहीच नाही.

या निबंधाच्या लेखकांना लाटेपलीकडचा प्रश्नही दिसत होता: मूठभर लोक कुठल्या परिस्थितीत अख्ख्या जमावाला हलवू शकतात? पुढे हेल्बिंग यांनी चेंगराचेंगरीच्या चित्रफितींवर बरंच काम केलं. फक्त दोन्हींत गल्लत नको. गॅलरीतली लाट माहितीची असते, कुणी कुणाला ढकलत नाही, वाटलं तर बसून राहता येतं. पुलावर-जिन्यावर अडकलेल्या गर्दीत लाट दाबाची असते, शरीरातून शरीरात जाणारी, आणि तिथे कुणाच्या उंबरठ्याला काही अर्थ उरत नाही. २०१७ साली एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ माणसं गेली ती अशा दाबात. 'लोकांनी धीर धरला नाही' हे त्याचं स्पष्टीकरण नव्हे.

कधी काई ताकला, नाहीतर अंधेरीतच, सेव्हन्स बघायला गेलात आणि लाट उठवायची हौस आली, तर दोन सामन्यांमधली वेळ निवडा. तीस-चाळीस जणांना आधी सांगून ठेवा. एकटा-दुकटा उठला तर लोक त्याला खाली बसायला सांगतात. घड्याळाच्या दिशेकडच्या विभागाला तोंड करून हात हलवा आणि दुसऱ्या बाजूच्यांना नुकतंच एकदा उठवून बसवलेलं असू द्या, म्हणजे तिकडची लाट आपोआप मरेल. कंपनी-पाहुण्यांचे बॉक्स जितके लांब तितकं बरं. आणि सुरुवातीच्या दोन-तीन रांगांना 'शेजाऱ्याकडे बघू नका, आमच्याकडे बघा' असं बजावून सांगा.