बटणाची सॉर्ट आणि फॉर्म्युल्याची सॉर्ट

सोसायटीचा खजिनदार झालो त्या महिन्यात एक्सेलमध्ये पहिला मॅक्रो रेकॉर्ड केला. चाळीस फ्लॅट, पाच कॉलम: फ्लॅट नंबर, नाव, मेंटेनन्स, भरलेली रक्कम, थकबाकी. दर महिन्याला तीच यादी थकबाकीच्या उतरत्या क्रमाने लावायची आणि नोटीस बोर्डावर चिकटवायची. रेकॉर्ड चालू केलं, सॉर्ट मारली, रेकॉर्ड बंद केलं, शीटवर बटण बसवलं. मला कोणी विचारलं तर मी सांगायचो, "आमची यादी ऑटोमॅटिक सॉर्ट होते."

ती ऑटोमॅटिक नव्हती. बटण दाबलं तरच होत होती. खरोखर आपोआप लागते ती सॉर्ट नावाच्या फॉर्म्युल्याने. लोक दोन्हींना एकच नाव देतात, पण एक मूळ कागदच उलटापालटा करतो आणि दुसरा त्याची लावलेली प्रत शेजारी काढून दाखवतो.

मॅक्रो म्हणजे तुम्ही केलेल्या क्लिकांची लिहून ठेवलेली नोंद; बटण दाबलं की तीच पुन्हा चालते. ही नोंद व्हीबीए नावाच्या भाषेत होते. १९९३पासून ती एक्सेलमध्ये आहे. रेकॉर्ड केलेला कोड उघडून पाहिला तर माझ्या मॅक्रोत स्पष्ट लिहिलं होतं की ए१ ते ई४१ एवढाच भाग सॉर्ट करायचा. त्या दिवशी एवढाच डेटा होता, म्हणून एवढाच. पुढे तळमजल्यावरचे दोन गाळे सोसायटीत आले, ते ४२ आणि ४३ नंबरच्या ओळीत गेले आणि तिथेच राहिले. सगळ्यात मोठी थकबाकी एका गाळ्याची, आणि यादीत तो कायम तळाला! रेकॉर्ड करताना 'रिलेटिव्ह रेफरन्स' चालू ठेवला तर हे टळतं असं बरेच जण सांगतात. नाही टळत. त्याने सुरुवातीचा सेल बदलतो, एक्केचाळीस ओळींची मोजणी तशीच राहते.

याहून वाईट प्रकार पुढे झाला. मी एफ कॉलममध्ये 'शेरा' लिहायला लागलो होतो. बटण दाबलं, ए ते ई हलले, एफ जागचा हलला नाही. एकाच्या नावापुढचा "चेक परत आला" हा शेरा दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या नावापुढे जाऊन बसला. काकू महिन्याच्या पहिल्या तारखेला पैसे भरणाऱ्या. त्या पावती घेऊनच दारात आल्या. "अरे, माझा चेक कधी परत आला?" मी कंट्रोल झेड करायला गेलो तर काहीच मागे जाईना. मॅक्रोने शीटमध्ये बदल केला की एक्सेल अनडूची यादी पुसून टाकतं. हाताने मारलेली सॉर्ट मागे घेता येते, मॅक्रोची येत नाही. हे मला त्या दिवशी कळलं.

फॉर्म्युल्याचं वेगळं. दुसऱ्या शीटवर एका सेलमध्ये सॉर्ट फंक्शन लिहायचं (अर्थातच रोमन लिपीत), कंसात मूळ रेंज (म्हणजे डेटा असलेले सेल), मग ५ म्हणजे पाचवा कॉलम, मग उतरत्या क्रमासाठी उणे १. एंटर मारलं की चाळीस ओळी खाली पसरतात. मूळ शीटला धक्का लागत नाही. कोणी पैसे भरले आणि आकडा बदलला की तो माणूस यादीत आपोआप खाली सरकतो, कुठलंही बटण लागत नाही. मात्र हे फंक्शन एक्सेल २०२१ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीत आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्येच आहे. २०१६ किंवा २०१९ असेल तर ते मिळत नाही.

फॉर्म्युलाही साधा नाही. पसरलेल्या यादीच्या मधल्या सेलमध्ये काही टाइप केलं की सगळी यादी गायब होऊन '#स्पिल!' ही एरर येते. मूळचा रिकामा सेल यादीत शून्य दिसतो, त्यामुळे शेरा नसलेल्या माणसापुढे ० हा शेरा येतो. आणि खरा सापळा असा की यादीच्या शेजारी हाताने काही लिहिलं तर उद्या यादी सरकेल, तुमचं अक्षर तिथेच राहील. म्हणजे काकूंचा चेक पुन्हा परत! फक्त या वेळी बटणही न दाबता. म्हणून हाताने लिहायचं ते नेहमी मूळ शीटवर, यादी फक्त बघायची.

गाळे राहून जाण्याचा दोष तर दोन्हीकडे सारखाच आहे, कारण फॉर्म्युल्यातही रेंज ठरावीकच असते. सोपा इलाज: मूळ डेटा निवडून कंट्रोल टी दाबा आणि त्याचं टेबल करा. खाली नवी ओळ किंवा शेजारी नवा कॉलम लिहिला की टेबल वाढतं, फॉर्म्युला ते आपोआप धरतो. टेबल केल्यावर मॅक्रो नव्याने रेकॉर्ड केला तर तोही टेबलाच्या नावाने चालतो. फक्त मग कॉलमचं शीर्षक बदलू नका, मॅक्रो त्या नावानेच कॉलम शोधतो. पसरणारा फॉर्म्युला टेबलाच्या आत चालत नाही, तो बाहेरच लिहावा लागतो.

एका गोष्टीत मात्र दोघंही सारखेच अडाणी. फ्लॅट नंबर 'ए-१०१' असा लिहिलेला असेल तर तो मजकूर आहे, आकडा नाही. चढत्या क्रमाने लावा, 'ए-१००१' आधी येतो आणि 'ए-१०१' नंतर. दहावा मजला पहिल्याच्या आधी! मॅक्रो असेल तर शेजारी एक कॉलम काढून त्यात नुसता नंबर आकडा म्हणून लिहा आणि त्यावर सॉर्ट मारा. फॉर्म्युला असेल तर सॉर्टबाय नावाचं भावंड आहे: त्यात मिड फंक्शनने तिसऱ्या अक्षरापासूनचे अंक काढून, व्हॅल्यूने त्यांचा आकडा करून, तोच निकष देता येतो. जादा कॉलम लागत नाही.

फाइल दुसऱ्याला द्यायची असेल तर तोल आणखी फॉर्म्युल्याकडे झुकतो. मॅक्रो असलेली फाइल सहसा एक्सएलएसएम या प्रकारात सेव्ह करावी लागते, नेहमीच्या एक्सएलएसएक्समध्ये मॅक्रो राहतच नाही. २०२२पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो ऑफिस मुळातच बंद ठेवतं. मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये ते चालत नाहीत. आमचे सेक्रेटरी मीटिंगमध्ये फोनवर फाइल उघडून ते बटण दाबत बसायचे. गूगल शीट्समध्ये सॉर्ट फंक्शन आहे, फक्त तिथे क्रम ट्रू-फॉल्सने सांगतात. मॅक्रोही आहे, पण तो गूगलच्या अ‍ॅप्स स्क्रिप्ट या भाषेतला. एक्सेलचा मॅक्रो तिथे चालणार नाही.

आता माझ्या फाइलीत नोंदींची शीट फ्लॅटच्या क्रमाने आहे आणि तिला कोणी सॉर्ट मारत नाही. थकबाकीची यादी शेजारच्या शीटवर फॉर्म्युल्याने लागते. ते जुनं बटण मी काढलेलं नाही, फक्त त्याला टेबलावर नव्याने रेकॉर्ड केलेला मॅक्रो जोडला आहे. ३१ मार्चला फाइलची वेगळी प्रत काढतो, तिच्यावर एकदाच दाबतो आणि ती ऑडिटरला पाठवतो.